ताडपत्रीखालच्या जागा

त्या माणसाने ऑगीचा कोट उचलून ऑगीच्याच मांडीवर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. इतकंच झालं. हातात बिअरचा मोठा पेला, बगलेत शेंगदाण्यांची पुडी, डोक्यावर गावच्या बेसबॉल संघाची, स्टोकर्सची, नवी कोरी टोपी. ऑगस्टअखेरची बुधवारची दुपार होती, तिसरी इनिंग चालू होती आणि चाळीस हजार माणसांच्या त्या पार्कात, म्हणजे स्टेडियमात, इतकी जागा रिकामी होती की याने हातपाय पसरून झोप काढली असती तरी कोणाची हरकत नव्हती. पण याला नेमकी हीच खुर्ची हवी होती. ऑगी प्रुचनिकला राग आला, आणि राग आल्याचं नवलही वाटलं. खुर्ची काही त्याची नव्हती. एप्रिलपासून ती रिकामी होती आणि एप्रिलपासून तो तिच्यावर कोट टाकत होता. एप्रिलमध्ये शहराला लागून असलेल्या समुद्राएवढ्या तळ्यावरून बोचरा वारा येतो, तेव्हा जवळ कोट असणं ठीकच. पण जुलैच्या उकाड्यातही आपण घरून कोट घेऊन निघतो, तो अंगात घालत नाही, नुसता या खुर्चीवर पसरतो, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या असतात असं मानणाऱ्यांपैकी तो होता. बायको गेल्यावर तर त्याने न विचारण्याचा कारखानाच काढला होता.

"साहेब, तिकीट बघू." जागा दाखवणारा डेलबर्ट पायऱ्या उतरून आला होता. हातात त्याचा तो खुर्च्या पुसायचा लोकरीचा पंजा.

"अहो, सगळं ओसाड पडलंय इथे," नव्या टोपीवाला म्हणाला. "इथे खांबाची सावली आहे म्हणून बसलो."

"सावली दुसऱ्या खांबांचीही पडते. ही जागा विकलेली आहे. अख्ख्या हंगामाची. उठा."

माणूस कुरकुरत उठला, बिअर सांडत दोन ओळी मागे गेला. डेलबर्टने रिकामी खुर्ची पंज्याने पुसली, जणू तिचा मालक आत्ता येतोच आहे. ऑगीने विचारलं, "खरंच विकलेली आहे, की त्याला उठवायला थाप मारलीस?"

"मी कशाला थापा मारू? वरचा मजला बंद केला तेव्हा तुमची तिथली ओळ होती तशीच्या तशी खाली आणलीय. वर ज्याच्या शेजारी जो होता, खाली त्याच्या शेजारी तोच. तुझ्या डावीकडच्या त्या नवरा-बायकोंनी यंदा तिकीट घेतलं नाही, म्हणून त्या दोन सुटल्या. ही घेतलेली आहे. आम्हाला तेवढंच सांगतात, कुठे कोणाला बसू द्यायचं नाही ते."

"आणि ते तू मला आज सांगतोस."

"तू आज विचारतोयस," डेलबर्ट म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

ऑगीच्या उजवीकडे, वर, बावीस हंगाम वर्नेल बसत होती. म्हणजे ही खुर्ची वर्नेलची होती. एप्रिलपासून वर्नेलची होती. तिने यंदाचेही पैसे भरले होते, तिचं नाव लागलेली जागा त्याच्या कोपराला टेकून पाच महिने उभी होती, आणि हा शहाणा तिच्यावर कोट टाकून बसला होता. मैदानावर कोणीतरी बाद झालं. ते त्याला दिसलं नाही. त्याच्या खुर्चीतून तसंही चेंडू टाकणारा पिचर दिसत नाही, मधे खांब येतो. वरची माणसं खाली आणताना क्लबने पत्रात लिहिलं होतं, आपली जागा विनामूल्य उंचावण्यात येत आहे. उंचावण्यात म्हणजे खाली, आणि खाली म्हणजे खांबामागे. तो खांब ज्याचा भार पेलत होता तो वरचा मजला मात्र हिरव्या ताडपत्रीखाली गुदमरत पडला होता आणि ताडपत्रीवर गल्लीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, भेटू नव्या पार्कात. शेजारच्या खुर्चीतून पिचरही दिसला असता आणि बॅटरही. अंग थोडं सरकवायचा अवकाश होता. तो कधी सरकला नाही.

खांबांवरून त्याचं आणि वर्नेलचं पहिलं बोलणं झालं होतं. तेव्हा ती पहिल्यांदाच त्याच्या शेजारी येऊन बसली होती. मोठा बांधा, काळा तुकतुकीत चेहरा, डोळ्यांवर माणकाच्या रंगाच्या काचांचा चष्मा, आणि मांडीवर घरून आणलेली कोंबडी. क्लबचा नियम बाहेरचं खाणं आणू नका असा होता आणि तिने तो नियम रुमालात बांधून आणला होता. ऑगी तिला म्हणाला होता, बाई, आपण स्वस्तात बसलोय पण मजेत बसलोय. खाली महागात बसलेल्यांना खांब आडवे येतात, आणि ते खांब आहेत म्हणूनच आपण इतके पुढे, मैदानाच्या डोक्यावर लोंबतोय. नव्या पार्कांत खांब काढून टाकतात. मग खालच्यांना सगळं दिसतं आणि वरची माणसं मागे मागे जात शेजारच्या गावात जाऊन बसतात. वर्नेलने कोंबडीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला होता आणि म्हणाली होती, "राजा, तू नेहमीच इतकं बोलतोस का? मग मी पुढच्या वेळी जास्त आणते." आणि आणली. बावीस हंगाम आणली. नोकरीत असताना तो काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या रस्तेखात्यातल्या पाळीतून (हिवाळ्यात तिथे तो बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकायची गाडी चालवायचा) सुटून पोचायचा तेव्हा ती आलेली असायची. सिमेंटच्या चढणीवरून मजल्याच्या तोंडाशी आलं की आधी हिरवं मैदान उघडायचं आणि मग तिचा तो चष्मा. दोन्ही एकदम बघण्याची त्याला इतकी सवय झाली होती की आता खालून मैदान बघताना ते त्याला अर्धं वाटायचं.

तिच्याबद्दल त्याला काय काय ठाऊक होतं. मोहरीची चटणी तिला खपत नाही. रविवारच्या सामन्यात चौथ्या इनिंगला तिला डुलकी लागते आणि डुलकीत ती एका पायाने ठेका धरते. डावखुऱ्या पिचरांवर तिचा जन्मजात अविश्वास. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिच्या हाताखाली तीस बायका होत्या, त्यांतल्या एकीनेही तिच्यादेखत कधी ओली चादर घडी केली नाही. तिचा भाऊ दक्षिणेत वारला तेव्हा ती गेली नव्हती आणि ते तिला लागून राहिलं होतं. हे तिने पावसाने थांबलेल्या एका सामन्यात, मैदानावर अंथरलेल्या मेणकापडाकडे बघत सांगितलं होतं. त्याची बायको इरेना गेली तेव्हा तो काही सामने आला नव्हता. परत आला तर त्याच्या खुर्चीत शेंगदाण्यांची पुडी ठेवलेली, आणि वर्नेलने पुडी फोडून त्याच्या हातात दिली आणि ती तीन इनिंग्ज नुसती शेजारी बसली. त्या तीन इनिंग्जवर त्याने तो सगळा हिवाळा काढला होता. इतकं ठाऊक होतं. आणि काय ठाऊक नव्हतं? तिचं आडनाव. ती कुठे राहते. घरी कोण असतं. तिचा फोन नंबर. विचारायची कधी वेळच आली नाही. शेजारची माणसं अशीच असतात. सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्यानंतर चढण उतरताना दोघं एकमेकांना म्हणायची, "पहिल्या दिवशी," आणि एप्रिलच्या पहिल्या दिवशी दोघं तिथे असायची. मधला हिवाळा म्हणजे लांबलेली इनिंगमधली विश्रांती. पत्ता कशाला हवा? तिचा पत्ता त्याला पाठ होता: वरचा मजला, तिसऱ्या बेसची बाजू, ओळ, खुर्ची. त्या पत्त्यावर एक दिवस ताडपत्री अंथरतील हे कोणाच्या डोक्यात येणार?

गेल्या सप्टेंबरात मात्र ते दोघं "पहिल्या दिवशी" म्हणाले नव्हते. भांडण झालं होतं, आणि भांडणाचं कारण होतं विक्रीकर. संघाच्या मालकाला नवं पार्क हवं होतं, अर्धं काउंटीच्या पैशाने. त्यासाठी प्रत्येक खरेदीवर अर्धा टक्का कर लावायचा की नाही यावर नोव्हेंबरात मतदान होतं. नाही म्हणालात तर आम्ही संघ घेऊन दुसऱ्या शहरात जाऊ, हे मालक बोलत नव्हता, पण त्याचं विमान वाळवंटातल्या कुठल्याशा शहरात उतरल्याच्या बातम्या बरोबर बाहेर येत होत्या. मालक म्हणायचा, लोक येत नाहीत म्हणून नवं पार्क हवं. ऑगी म्हणायचा, लोक येत नाहीत कारण तू दर वर्षी बरा पिचर विकतोस आणि वर तिकीट वाढवतोस. माणसं काही खुर्चीचं कापड बघायला येत नाहीत. त्याने नव्या पार्कची चित्रं पाहिली होती. विटा मुद्दाम काळवंडलेल्या, म्हणजे नवं बांधून जुनं दिसायचं, आणि खरं जुनं होतं ते पाडायचं. कंपन्यांसाठी काचेच्या खोल्या, त्यांत मैदानाकडे पाठ करून कोळंबी खाणारे लोक. आणि याचे पैसे काउंटीतल्याच पोर्ट ड्यूरंड गावातली ती म्हातारी देणार, जिने आयुष्यात स्टोकर्सचं नाव ऐकलं नाही आणि जी फक्त बुटांची जोडी घ्यायला दुकानात आली आहे. हे सगळं तो त्या शेवटच्या सामन्यात बोलला, पाचव्या इनिंगपासून बोलत राहिला. वर्नेल ऐकत होती. मग म्हणाली, "मी होय म्हणणार आहे."

"तू?"

"मी. इमारत ही इमारत असते, राजा. मी इथे खेळ बघायला येते, सिमेंटशी लग्न लावायला नाही. संघ गेला तर काय करशील? या खांबांना टाळ्या वाजवत बसशील?"

"तुला खेळ नकोच आहे," तो म्हणाला होता. "तुला सरकता जिना हवाय."

त्याला वाटलं होतं ती उलटून काहीतरी मारेल. तिच्याकडे तयार असायचं. तिने नुसता चष्मा काढून पुसला, परत घातला. आठव्या इनिंगला उठली आणि म्हणाली, जरा गर्दी व्हायच्या आत निघते. त्या दिवशी कुठली गर्दी! तो बसून राहिला. शेवटचा माणूस बाद होईपर्यंत बसायचं हा त्याचा धर्म होता, आणि धर्माच्या आडून रुसायला बरं पडतं. नोव्हेंबरात शाळेच्या व्यायामशाळेत, पडद्यामागे, बास्केटबॉलच्या कड्याखाली उभं राहून त्याने मतपत्रिका बराच वेळ हातात धरली. कराबद्दल त्याचं मत तसूभर बदललं नव्हतं. पण संघ गेला तर वर्नेल गेली. इतका सरळ हिशेब त्याला आयुष्यात क्वचित सुटला असेल. त्याने होय केलं. होय थोडक्यात जिंकलं, आणि तो एप्रिलची वाट बघत बसला, तिला सांगायला, की बाई, घे, दिला तुला सरकता जिना. जानेवारीत क्लबचं पत्र आलं. नवं पार्क उभं राहीपर्यंतची दोन वर्षं खर्च वाचवण्यासाठी वरचा मजला बंद. मत दिलं नसतं तर मजला उघडा राहिला असता असं काही नव्हतं, पण त्याला ते तसंच वाटत राहिलं. आपल्याच हाताने ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं मालकाने.

एप्रिलच्या पहिल्या दिवशी तो लवकर गेला होता. खालच्या मजल्यावर खांबामागे उभा राहून येणारा प्रत्येक चेहरा त्याने बघितला. मे महिन्यात दुर्बीण आणली. पहिल्या बेसची बाजू, उजवं मैदान, सूर्यात भाजणारे बाक, सगळं चाळलं. माणकाच्या काचा कुठे चमकल्या नाहीत. पार्कातल्या मोठ्या पडद्यावर रोज उपस्थितीचा आकडा यायचा, अकरा हजार, बारा हजार, आणि डोळ्यांसमोर तीन हजार डोकी असायची. लोक हसायचे. आकडा विकलेल्या तिकिटांचा असतो, आलेल्या माणसांचा नसतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो मात्र हसेनासा झाला होता. त्याच्यापुरती उपस्थिती एकाच माणसाची होती आणि ती शून्य होती. जूनपर्यंत त्याने ठरवून टाकलं की तिने तिकीट घेतलं नाही. रागावली आहे, घरी बसली आहे. रागावलेली का होईना, आहे. यात एक प्रकारचं सुख होतं. आणि आज डेलबर्टने सांगितलं की तिकीट घेतलेलं आहे. पैसे भरून जी बाई पाच महिने येत नाही, तिचं काय झालं असेल? हंगामाचे पैसे जुन्या लोकांच्या बँकेतून ऑक्टोबरात आपोआप कापले जातात. कापायला माणूस जिवंत लागत नाही. मेलेली माणसंही त्या अकरा हजारांत बसलेली असणार, सगळ्यांत शांत, सगळ्यांत इमानी. ऑगीने कोट उचलला आणि पाचवी इनिंग चालू असताना तो उठला.

तिकीटकचेरी स्टँडच्या पोटात होती. तिथवर जायच्या लांबच लांब बोळातून तळलेल्या कांद्याचा आणि जुन्या ओल्या सिमेंटचा वास यायचा. या वासासाठी कोणी कर लावला तर तो हसत देईल असं तो एकदा म्हणाला होता. वरच्या मजल्याच्या चढणीला लोखंडी जाळी लावून साखळी घातली होती. तो जाळीपाशी थांबला. वळणावळणाने चढण वर गेली होती, अंधारी, कबुतरांच्या विष्ठेने माखलेली, आणि इथून, खालून, ती किती उभी आहे हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. सामना संपल्यावर ती दोघं यावरून उतरायची. वर्नेल हल्ली हल्ली प्रत्येक वळणावर थांबायची. कठड्याला धरून म्हणायची, "थांब राजा, तळं बघू." आणि तो थांबायचा, तळं बघायचा, मालवाहू बोट दिसली तर तिचं नाव वाचून दाखवायचा. शेवटच्या दोन वर्षांत ते तळं त्यांनी फार बघितलं. तिला तळ्याचं इतकं वेड कसं लागलं म्हणून त्याला कौतुक वाटायचं. ती कठड्याला दोन्ही हातांनी धरायची. दोन्ही हातांनी. आणि चढताना तर ती नेहमी त्याच्या आधी गेलेली असायची. किती आधी, आणि कशी, ते बघायला तो नव्हताच. तुला सरकता जिना हवाय. ऑगीने जाळीला कपाळ टेकलं. लोखंड गार होतं. मागून जाणारी दोन माणसं त्याच्याकडे बघून हसली. त्यांना वाटलं असणार, म्हातारा चढवून आलाय.

कचेरीत मारिसोल नावाची मुलगी होती, नखांना संघाचा नारिंगी रंग लावलेली. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मिस्टर प्रुचनिक, नाव-पत्ता मी देऊ शकत नाही. तुम्हीच विचार करा, उद्या कोणी येऊन तुमचा मागितला तर?"

"माझा कोण मागतो? पोरी, पत्ता नको देऊस. एवढंच सांग, ती आहे का."

"आहे म्हणजे?"

त्याने कोट या हातातून त्या हातात घेतला. मारिसोल त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने समोरच्या यंत्रात काहीतरी शोधलं आणि फोन उचलला. "मी नंबर लावते. बोलायचं की नाही ते त्या ठरवतील. नाही म्हणाल्या तर तुम्ही मुकाट्याने परत जायचं. कबूल?"

घंटा वाजत होती. वरती, छताच्या सिमेंटवर, माणसांच्या पायांची धडधड होती. एवढ्या वर्षांत त्याने तिचा आवाज कधी फोनवर ऐकला नव्हता, हे त्याला घंटा वाजत असताना सुचलं. मारिसोल म्हणाली, "नमस्कार, स्टोकर्सच्या कचेरीतून बोलतेय. तुमच्या शेजारच्या जागेवरचे गृहस्थ..." आणि थांबली, ऐकलं, हसली आणि फोन त्याच्या हातात दिला.

"कोण गेलं?" पलीकडून आवाज आला. बारीक, खोल, पण तिचा. "खरं सांग. ऑगीला काही झालं का?"

"मीच बोलतोय," ऑगी म्हणाला.

"मेल्या. माझा जीव गेला होता."

"माझाही," तो म्हणाला, आणि मारिसोलने खुर्ची सरकवली म्हणून बसला.

तिच्या दोन्ही गुडघ्यांचं मार्चमध्ये काम झालं होतं. धातू घातलाय, ती म्हणाली, पावसात आता मी गंजेन. एप्रिल-मे अंथरुणात. जूनमध्ये भाचीबरोबर ती पार्कात आली होती.

"आली होतीस?"

"आले होते. काठी घेऊन, तुमच्या त्या बोळाच्या तोंडापर्यंत. तू दिसलास. खांबामागे मान वाकडी करून बसला होतास, बगळ्यासारखा. मी येणारच होते पुढे. पण माझ्या जागेवर तुझा कोट पसरलेला. बाह्या दोन्हीकडे, चांगला ऐसपैस. म्हटलं, बरोबर आहे. याने जागा भरून टाकली. मी मतं मागत फिरले, धुलाईखान्यातल्या सगळ्या बायकांना होय करायला लावलं, आणि त्यांनी आपल्या डोक्यावर ताडपत्री घातली. माझ्याशेजारी बसायचं नसेल त्याला, आणि का बसावं? भाचीला म्हटलं, चल घरी."

"तो कोट," ऑगी म्हणाला. "कोणी बसू नये म्हणून टाकायचो."

"तेच म्हणतेय मी."

"तसं नाही गं. दुसरं कोणी बसू नये म्हणून."

पार्कात शेजारच्या खुर्चीवर कोट टाकला की त्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो, इथे बसू नका, आणि तिलाही तोच कळणार हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पलीकडे तिने नाक ओढलं. मग तो म्हणाला, कारण आता राखून ठेवण्यासारखं काही नव्हतं, "आणि मीही होय केलं."

"काय?"

"मतदानात. होय केलं मी."

"तू? तीन इनिंग्ज माझं डोकं खाऊन? का?"

"तू म्हणालीस ना, संघ गेला तर काय करशील. मी विचार केला. संघाचं काय, संघ गेला तर गेला." पुढचं वाक्य त्याच्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. मारिसोल खिडकीबाहेर बघत होती, तिथे बघण्यासारखं काही नसताना.

"मूर्खा," वर्नेल हळूच म्हणाली.

आणि तेव्हाच वरती गर्जना झाली. छत हादरलं, कप्प्यातल्या चाव्या किणकिणल्या. तीन हजार माणसं एकदम उभी राहिली की काय होतं ते त्या सिमेंटला नीट ठाऊक होतं. अशी गर्जना एकाच गोष्टीची असते. आपला चेंडू भिंतीपलीकडे गेला होता, आणि पायांच्या आवाजावरून पुढे दोन तरी माणसं बेसवर होती. तो उठून उभा राहिला. पलीकडे वर्नेल शांतपणे सांगत होती की क्लबने सामने जुन्या रेडिओकडून काढून ज्या स्टेशनला दिले ते तिच्या टेकडीवर लागतच नाही, भाचीने संगणकावर लावून दिलंय, पण ते सगळं उशिराने येतं, अर्धं मिनिट, कधी जास्तच. शेजारचा पोरगा बोंबलला की मग तिला कळतं. तिच्या मागे, घरात, समालोचकाचा आवाज अजून कंटाळलेला होता. अजून दोन चेंडू, कदाचित तीन. तिच्या खोलीत अजून काही झालेलं नव्हतं. स्टोकर्स मागे होते, नेहमीसारखे, आणि ती ते सहन करत होती, नेहमीसारखी. ऑगीच्या ओठांवर आलं होतं, बावीस वर्षं तो ओरडूनच सांगत आला होता, तिच्या दंडाला धरून, ती समोर बघत असतानाही. त्याने तोंड घट्ट मिटलं. फोन कानाशी दाबून धरला आणि तो तिच्या घरातली ती साधी, न घडलेली वेळ ऐकत राहिला. घड्याळाची टिकटिक, खुर्चीचा करकर आवाज, तिचा श्वास. तिथे आपण बसलोय असं त्याला वाटलं. मग दूरवर समालोचकाचा आवाज चढला, चढत गेला, आणि वर्नेलने अशी आरोळी ठोकली की मारिसोलनेही वळून बघितलं.

"गेला! ऑगी, गेला! भिंतीबाहेर! ऐकलंस?"

"ऐकलं."

ती धापा टाकत हसत होती. मग थांबली. ती धुलाईखाना चालवलेली बाई होती. "थांब. तू तिथे आहेस. तुला आधीच कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तुझं तुला ऐकू दे."

समालोचक धावा मोजत होता. अर्ध्या मिनिटापूर्वीच्या टाळ्या तिच्या घरात वाजत होत्या. ऑगीने विचारलं, "वर्नेल, तू राहतेस कुठे?" आणि तिने सांगितलं, तिसरा चढ, चर्चच्या मागची गल्ली, निळं दार. तो चढ त्याला माहीत होता. जानेवारीत तिथे गाडी मागे घसरते. किती हिवाळे त्याने तिथे मीठ टाकलं होतं, निळ्या दारासमोरून वर जात आणि उलटा खाली येत.

"सातव्या इनिंगपर्यंत पोचशील?" ती म्हणाली. "कोंबडी कालची आहे, चालेल ना? आणि सगळं उशिराने ऐकू येईल."

"चालेल," तो म्हणाला.

फाटकावर एक धिप्पाड रखवालदार टोपी मागे सारून रेडिओ ऐकत होता. ऑगी फिरत्या लोखंडी दांड्याशी आला तेव्हा त्याने हात आडवा केला. "काका, बाहेर गेलात की संपलं, परत आत घेत नाही. आणि आत्ताच तर आपण पुढे गेलोय."

शेवटचा माणूस बाद व्हायच्या आत ऑगी प्रुचनिक या पार्कातून कधी बाहेर पडला नव्हता. गारांच्या पावसात नाही, चौदा धावांनी मार खाताना नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला, दांडा ढकलला, आणि गाडी कुठल्या रांगेत लावली होती ते आठवत उन्हातून भराभर चालू लागला.